शाळेतून पावणेबाराला फोन आला तर कोण पोहोचणार? परळहून उपनगरात गेलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब परळ गावातल्या एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहत होतं. त्यांची नावं देत नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे, तिच्या नात्यानंच सगळ्यांना ओळखू या: आई, बाबा आणि आजी. आजी म्हणजे बाबांची आई. मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, गुडघ्यांनी बेजार, पण स्वयंपाकघराचा ताबा अजून कोणाला न दिलेली. बाबा बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका वित्तसंस्थेत कामाला, पाचही दिवस ऑफिस. आई नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत, तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून काम.

परळ दोघांनाही सोयीचं होतं. बाबा अर्ध्या-पाऊण तासात टेबलाशी. आईचा प्रवास लांबचा, परळहून ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरनं, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलनं, ऐरोली, पण सगळा गर्दीच्या उलट दिशेनं. सकाळी डाऊन, संध्याकाळी अप. खिडकीजवळ बसून ती लॅपटॉप उघडायची. मुंबईच्या लोकलमध्ये ही चैनच म्हणायची, आणि ती चैन आहे हे परळ सुटण्याची वेळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

डिसेंबर 2024 मध्ये घरमालकानं सांगितलं, इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, मेअखेर जागा रिकामी करा. त्याच भागात नव्या टॉवरमध्ये भाड्यानं राहायचं तर पगारातला मोठा लचका जाणार होता. घरात एकमतानं ठरलं की आता स्वतःचं घर घ्यायचं, भलेही लांब असो. शिल्लक होती 22 लाख. दोघांच्या पगारावर बँक 65 लाख द्यायला तयार होती. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर हप्ता महिन्याला सुमारे 56,400 रुपये. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, थोडं फर्निचर हे सगळं वजा जाता घराच्या किमतीसाठी हातात राहत होते 78 ते 80 लाख.

माझं काम कर्जाचे हिशेब मांडून देण्याचं. हे जोडपं माझ्याकडे आलं तेही हप्त्याचा प्रश्न घेऊन. हप्ता झेपत होता. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

अडचण

बाबांनी एक्सेल केलेलं होतं. पाच उपनगरं, आठ रकाने: किंमत, चटईक्षेत्र, बीकेसीपर्यंतचा वेळ, शाळा, दवाखाने, बाग, सोसायटीतल्या सुविधा, पुढे भाव किती वाढेल. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिला नंबर घोडबंदर रोडवरच्या एका बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा. पोहण्याचा तलाव, मुलांसाठी खेळायची जागा, कंपाउंडच्या आतच किराण्याचं दुकान. तिथे एक लाख रुपये भरून त्यांनी घर अडवूनही ठेवलं होतं.

बीकेसीच्या रकान्यात घोडबंदरसमोर पन्नास मिनिटं लिहिलेली दिसली. मी विचारलं, हा वेळ कधीचा? बाबांनी तो रविवारी दुपारी मोबाइलवर काढला होता. आई नुसतीच हसली. खरं तर त्या दोघांत गेला महिनाभर हाच विषय धुमसत होता.

दुसरी गोष्ट, एक्सेलमध्ये ऐरोलीपर्यंतच्या वेळेचा रकानाच नव्हता. बाबांचं म्हणणं, तिला तीनच दिवस जायचंय आणि आयटीतल्या नोकऱ्या बदलतातच, मग त्यावर घर कसं ठरवायचं? युक्तिवाद अगदीच चूक नव्हता. पण बीकेसीतली नोकरीही काही सातबाऱ्यावर लिहिलेली नसते.

तिसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. जूनपासून मुलगी ज्युनियर केजीत जाणार होती. बहुतेक शाळांचं केजी साडेअकरा-बाराच्या सुमारास सुटतं. आजी तिला आणू शकते, पण पायी दहा मिनिटांच्या आत असेल तर आणि वाटेत जिना नसेल तर. पुलाच्या पायऱ्या चढणं तिला जमत नाही. मग दुपारी बारा ते संध्याकाळी सात या वेळेचा हिशेब कोण ठेवणार?

मी त्यांना एक्सेल बाजूला ठेवायला सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणासाठी एकच प्रश्न ठेवला. मंगळवार आहे, पावणेबारा वाजलेत, शाळेतून फोन आला की मुलीला उलट्या होताहेत, घेऊन जा. कोण पोहोचेल, कसं, आणि किती वेळात?

पर्याय आणि त्यांची तपासणी

खारघर आणि बदलापूर या प्रश्नावर पाच मिनिटांत बाद झाले. खारघर आवडलेलं होतं, पण तिथून बीकेसी रोज गाठायचं म्हणजे बाबांचाच जीव जाणार. बदलापूर स्वस्त, मात्र सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटर.

डोंबिवलीचं पारडं सगळ्यात जड होतं आणि तेच सगळ्यात नाजूकही. आईचं माहेर तिथलं. दोन खोल्यांचं पुनर्विक्रीचं घर बजेटात आरामात बसत होतं. मराठी शाळा, गाण्याचे क्लास, दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड, गुढीपाडव्याची शोभायात्रा. मुलगी वाढवायला याहून चांगलं गाव कोणतं, असं आईचं मत. पण आजोबांची बायपास होऊन गेलेली. नातीला अधूनमधून सांभाळणं वेगळं आणि रोज बाराला शाळेच्या दारात उभं राहणं वेगळं, हे त्यांनी स्वतःच फोनवर स्पष्ट सांगितलं. इकडे आजीला मुलाच्या सासुरवाडीच्या दारात जाऊन राहायचं नव्हतं. ती तसं कधीच थेट बोलली नाही. "तुम्ही दोघं जिथे म्हणाल तिथे," एवढंच. पण डोंबिवलीचा विषय निघाला की ती उठून गॅसवर काहीतरी ठेवायला जायची.

प्रवासाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. डोंबिवलीहून ऐरोली नकाशावर जवळ दिसते. रस्त्यानं जावं तर शिळफाट्याची कोंडी. रेल्वेनं जावं तर सकाळी ठाण्याकडे जाणारी लोकल, म्हणजे ऐन गर्दीची दिशा. डोंबिवलीला दारात पाय ठेवायला जागा मिळाली तरी फास्ट गाडीतून ठाण्याला बाहेर पडता येईल याची खात्री नाही. मागच्या बायका विचारतात, ठाण्याला उतरायचं होतं तर स्लो का नाही पकडली? परळहून उलट दिशेनं बसून जाणारी बाई आता या दारात उभी राहणार होती. बाबांना तर कुर्ल्यापर्यंत असंच जायचं होतं. डोंबिवलीचे कितीतरी नोकरदार बसायला मिळावं म्हणून आधी डाऊन गाडीनं कल्याणला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. तो वेळ कोणत्याच मोबाइलच्या नकाशात दिसत नाही.

त्यात नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिलेला. बनावट कागदपत्रांवर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या त्या इमारतींमध्ये लोक कर्ज काढून राहायला आले होते. यांनी पाहिलेलं घर त्यांपैकी नव्हतं. तरी बाबांच्या मनात भीती बसली ती बसलीच.

मुलुंड पूर्व सगळ्यांना पटलं. स्टेशन चालत, शाळा चालत, खाडीपुलापलीकडे ऐरोली, रेल्वेनं कुर्ला जवळ, आजीला समवयस्क बायकांची सोबत. पावणेबाराच्या प्रश्नाला तिथे चांगलं उत्तर मिळत होतं. घरांच्या किमती मात्र त्यांच्या बजेटच्या दुपटीच्या घरात. विषय तिथेच थांबला, पण बाबांच्या मनातून गेला नाही.

घोडबंदर रोडला मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहायचं ठरलं, कारण तिथे एक लाख अडकले होते. आईनं एका कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला प्रकल्पाच्या फाटकापासून सुरुवात केली. ठाणे स्टेशन तिथून नऊ-दहा किलोमीटर. मेट्रो 4 चे खांब डोक्यावर, गाड्या चाकाला चाक लावून. बस मिळाली, पण मानपाड्यापर्यंतच जीव मेटाकुटीला आला. स्टेशनला पोहोचून, पूल चढून, ट्रान्स हार्बरची गाडी पकडून ऑफिसला जाईपर्यंत पावणेदोन तास झाले. "परळहून मी याच्याहून लवकर येते," तिनं बाबांना मेसेज केला. मेट्रो सुरू झाली की चित्र पालटेल, हे खरं. पण मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती आणि मेट्रो कधी सुरू होणार हे विक्री कार्यालयातल्या भिंतीवरच्या चित्रालाच ठाऊक.

त्याच दिवशी मी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला. विक्रीवाल्यानं ताबा डिसेंबर 2026 ला मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. नोंदणीत बिल्डरनं स्वतः दिलेली तारीख 2028 मधली. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं एका हातानं भाडं आणि दुसऱ्या हातानं बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे वाढत जाणारे हप्ते. वर बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, जो भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या घराला लागत नाही. एक्सेलमध्ये या खर्चाला रकाना नव्हता.

मग ऐरोली. ती यादीत नव्हतीच. आई वर्षानुवर्षं तिथे जात होती, पण तिच्या दृष्टीनं ऐरोली म्हणजे काचेच्या इमारती, कँटीन आणि संध्याकाळी स्टेशनकडे धावणारी माणसं. पावणेबाराचा प्रश्न एकेका ठिकाणाला विचारत असताना तीच म्हणाली, "तीन दिवस तर मी तिथेच असते. शाळाही तिथेच असली तर मी पंधरा मिनिटांत पोहोचेन." उरलेले दोन दिवस ती घरीच. खोलीत जरा शांतता पसरली. बाबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हिशेब जुळतोय हे त्यांना दिसलंय, आणि तो कोणाच्या खर्चानं जुळतोय हेही.

बाबांचा प्रवास: ठरवणारी गोष्ट

ऐरोलीहून बीकेसी हा सरळ प्रवास नाही. त्याचे तीन मार्ग होते आणि बाबांनी तिन्ही करून पाहिले.

पहिला, गाडीनं. ऐरोली पूल, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि चुनाभट्टीहून बीकेसीत उतरणारा कनेक्टर. ऑक्टोबर 2024 पासून ऐरोलीसह मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झालाय, त्यामुळे खर्च कमी. सकाळी लवकर निघालं तर छानच. परतीला मात्र बीकेसीतून बाहेर पडण्यातच अर्धा तास जातो.

दुसरा, ट्रान्स हार्बरनं ठाणे, स्लो लोकलनं घाटकोपर, मेट्रो 1 नं मरोळ नाका आणि तिथून मेट्रो 3 नं बीकेसी. तीन ठिकाणी गाडी बदलायची आणि घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनात सकाळी रांग. मात्र रस्त्याशी काही संबंध नाही.

तिसरा मार्ग त्यांना त्यांच्याच ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सांगितला, जो कळव्याहून येतो. ऐरोलीहून ठाण्याला उतरलं की फास्टच्या नादी लागायचं नाही. सरळ पूल ओलांडून ठाण्याहून सुटणारी स्लो पकडायची. गाडी रिकामी लागते, बसायला मिळतं, कुर्ल्याला साधारण अर्ध्या तासात. पुढे कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा किंवा बस.

बाबांनी हा मार्ग पहिल्यांदा केला तेव्हा दीड तास लागला. त्यातली सगळ्यात वाईट वीस मिनिटं कुर्ला स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेतली. पण मधला अर्धा तास ते बसून होते. डोंबिवलीच्या फास्टमध्ये एवढाच वेळ त्यांनी हात वर करून काढला होता. घड्याळात दोन्ही प्रवास जवळपास सारखे. ऑफिसात पोहोचल्यावर मात्र एक माणूस कामाला लागतो आणि दुसरा आधी पंख्याखाली बसतो. लोकलनं जाणाऱ्या कुटुंबाला मी म्हणूनच किलोमीटर नंतर विचारते. आधी विचारते, गाडी सुटते कुठून?

निर्णयाचा खरा क्षण हा होता. परळच्या तुलनेत बाबांचा प्रवास दुपटीहून जास्त होणार होता आणि आईचा एक पंचमांशावर येणार होता. बाबा म्हणाले, "म्हणजे सगळ्यांची सोय आणि मी गाडीत." आईचं उत्तर मला आवडलं, कारण तिनं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, "हो. आणि दुपारी बाराचा फोन कायम मलाच येणार. तुझ्या मीटिंगमध्ये तो कधी वाजणार नाही. चालेल?" वाटणी अशी मांडल्यावर वाद संपला नाही, पण मुद्द्यावर आला. बाबांनी ऑफिसात बोलून साडेआठ ते साडेपाच ही वेळ मागून घेतली आणि फर्स्ट क्लासचा पास काढायचं ठरलं.

आजीला अगदी शेवटी विचारलं. तिचे दोन प्रश्न होते. गावाला जायची गाडी कुठून मिळेल? ठाण्याहून, कोकणच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात आणि दादरच्या मानानं बरंच. आणि पाणी? नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, घोडबंदरच्या संकुलांसारखी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत नाही. आजीनं मान डोलावली. चाळीत पहाटे उठून पाणी भरलेल्या बाईला तलावापेक्षा नळ महत्त्वाचा.

काय केलं

पहिलं, घोडबंदरचं बुकिंग रद्द. करार नोंदवलेला नव्हता, फक्त वाटपपत्र, म्हणजे घर राखून ठेवल्याचं बिल्डरचं पत्र, होतं. रद्द केल्यास किती कापायचं याचं कलम त्यात असतं, ते काढून लेखी अर्ज दिला. विक्रीवाल्यानं आधी "पैसे पुढच्या प्रकल्पात वळवू" असा सूर लावला. ईमेलवर सगळं लेखी मागायला सुरुवात केल्यावर काही आठवड्यांनी थोडी रक्कम कापून पैसे परत आले. हे त्यांच्या पथ्यावर पडलं असंच म्हणेन. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही असा कायदा आहे, पण दहा टक्के म्हणजे इथे जवळपास आठ लाख. भिडेपोटी तेवढे भरणारी कुटुंबं मी पाहिलीत.

दुसरं, घर विकत घ्यायचं पुढे ढकललं. हा निर्णय बाबांना सगळ्यात जड गेला. ऐरोलीत त्यांच्या बजेटात एकतर एकच बेडरूम बसत होती, नाहीतर गावठाणातल्या इमारती. गावठाणात त्याच पैशांत दुप्पट जागा दाखवत होते, पण परवानग्यांचं विचारलं की दलाल चहा मागवायचा. बँकेनं त्यांवर कर्ज द्यायला नकारच दिला. सेक्टरमधल्या घरांचा प्रश्न निराळा. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भाडेपट्ट्यावरची. घर हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क. हे नीट समजून घ्यायला वेळ हवा होता आणि हातात होते तीन महिने. मग आधी अकरा महिन्यांच्या करारानं दोन बेडरूमचं घर भाड्यानं घ्यायचं ठरलं. करार रीतसर नोंदवून घेतला. 22 लाख मुदत ठेवीत गेले.

तिसरं, घराआधी शाळा. आईनं आधी शाळेत प्रवेश पक्का केला आणि मग शाळेपासून चालत दहा मिनिटांत येणाऱ्या, लिफ्ट असलेल्या इमारतींतच घर पाहिलं. पाळणाघर तिला वाटेवरच मिळालं. त्याच सेक्टरमधल्या एका काकू चार-पाच मुलं सांभाळतात. आजीला बरं नसेल त्या दिवसाची सोय झाली.

घर पसंत करण्याआधी दोघं तिथे रात्री दहाला जाऊन आले. हे मी प्रत्येकाला सांगते आणि फार थोडे करतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत जवळ आहे. हवा पडलेली असली की रात्री रसायनाचा वास येतो. एका इमारतीच्या गच्चीवर तो स्पष्ट आला. ते घर सोडून त्यांनी खाडीच्या बाजूच्या सेक्टरमधलं, थोडं जास्त भाड्याचं घर घेतलं.

सामान मेच्या शेवटच्या आठवड्यात हलवायचं ठरलेलं. 2025 सालचा पाऊस नेमका मे महिन्यातच येऊन थडकला. ताडपत्रीखाली कपाट, कपाटात देव, आणि टेम्पोत पुढे बसलेली आजी, असं ते गृहप्रवेशाचं दृश्य बाबांनी मला फोटोत दाखवलं.

निष्पत्ती

पावणेबाराचा फोन पहिल्याच पावसाळ्यात आला. ताप. आई ऑफिसातून निघून वीस मिनिटांत शाळेत होती, आणि मुलीला घरी सोडून दुपारच्या मीटिंगला पुन्हा हजर. वर्षाच्या मध्यात कंपनीनं तीनाऐवजी चार दिवस ऑफिस केलं. परळहून किंवा घोडबंदरहून हे झेपलं नसतं, असं तिचं म्हणणं.

जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडून काहींचा जीव गेला. त्या आठवड्यात डोंबिवलीचा विषय या घरात पुन्हा निघाला नाही. आईचे माहेरचे लोक तिथेच राहतात, भाऊ रोज त्याच मार्गानं जातो. ती त्याबद्दल फारसं बोलत नाही.

बाबांचं गणित मात्र पूर्ण जुळलेलं नाही. सकाळ ठीक जाते. साडेपाचला निघाले तर संध्याकाळही. पण महिन्यातले काही दिवस साडेसात होतात, आणि मग कुर्ल्याची रांग, ठाण्याचा पूल आणि ट्रान्स हार्बरची गाडी चुकली की पुढचीची वाट, असं करत मुलगी झोपल्यावर ते घरी पोहोचतात. जोराच्या पावसात कुर्ल्याचे रस्ते तुंबले की घाटकोपर-मरोळ नाका मार्ग उपयोगी पडतो. वेळ जास्त लागतो, पण पोहोचण्याची खात्री असते. व्यायामशाळा सुटली. वजन वाढलं. हे नुकसान कुटुंबानं जाणूनबुजून पत्करलं, पण भरतात ते एकटे.

आजी सगळ्यात लवकर रुळली. सेक्टरच्या बागेत सातारा, चिपळूण, जुन्नर असं सगळं मिळून बायकांचं टोळकं आहे. मात्र थंडीत खोकला बळावला. खाडीकडची बाजू निवडूनही डिसेंबरच्या रात्री खिडक्या बंद कराव्या लागल्या.

निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तर

एक लाख भरण्याआधी महारेराची तारीख पाहणं आणि कामाच्या दिवशी एक फेरी मारणं, एवढ्या दोन गोष्टींनी घोडबंदरचा सगळा अध्याय टळला असता. प्रकल्पाला नावं ठेवायचं कारण नाही. दोघांचं ऑफिस ठाण्यात असलेल्या जोडप्याला तो चांगलाच म्हणेन.

चाचणीच्या फेऱ्या सगळ्या सकाळच्या झाल्या. परतीची, तीही शुक्रवार संध्याकाळची, एकही नाही. कुर्ल्याबाहेरची रांग सकाळीच दिसली होती; संध्याकाळी बीकेसीतून कुर्ल्याला येणारी रिक्षा मिळणं ही त्याहून मोठी अडचण आहे हे राहायला गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर निर्णय बदलला असता का? बहुधा नाही. पण बाबांनी ऑफिसात वेळेबरोबर घरून कामाचा एक दिवसही तेव्हाच मागितला असता. माणूस धरून ठेवायची कंपनीला गरज असते तेव्हा जे मिळतं ते वर्षभरानं मागून मिळत नाही. ते आता हाच अनुभव घेताहेत.

आजीला शेवटी विचारणं मला तेव्हाही खटकलं होतं. दुपारी बारा ते सात या वेळात घर चालवणारी तीच. तिचे प्रश्न पहिल्या दिवशी आले असते तर घोडबंदर पाण्यावरूनच खाली घसरलं असतं.

शाळेच्या बाबतीत एक धागा सुटला. निवडलेल्या शाळेचं केजी स्वतंत्र संस्थेचं आहे. तिथून पहिलीत थेट प्रवेश मिळतोच असं नाही. प्रवेशाच्या वेळी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मुलगी जून 2027 मध्ये पहिलीत जाईल, म्हणजे आणखी एक शाळा शोधायची, आणि पहिलीनंतर शाळा बदलायची नाही असं ठरलं असल्यानं कायमचं घरही त्याच्या आसपास ठरायला हवं.

भाड्याचा करार वाढीव भाड्यानं पुन्हा झाला आहे. दरम्यान त्यांनी ऐरोलीत पुनर्विक्रीची काही घरं पाहिली. एका इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं, दुसरीत सोसायटीच्या नावावर जमिनीचा भाडेपट्टा झालेला नव्हता. घर आईच्या एकटीच्या नावावर घ्यायचं पक्कं आहे. स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे 80 लाखांवर 80 हजार. बाबांचा मुलुंडचा हट्ट कायम आहे. एक बेडरूमचं का होईना, पण स्टेशनजवळ, असं त्यांचं म्हणणं; आईला चार माणसांत एक बेडरूम पटत नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर ठरली आहे, आणि या वेळी आजीही येणार आहे.